घरचं वायफाय मोबाईलला लागत नाही? आधी राउटरची सिक्युरिटी पाहा

“भाऊ, हा मोबाईल पाह्य बरं. घरचं वायफाय लागूनच नाही राह्यलं.”

सोयाबीनचे पैसे हाती आले की, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, हे वाक्य माझ्या दुकानात हप्त्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला, बसस्टॉपजवळ माझं मोबाईल रिपेअरिंगचं लहानसं दुकान आहे. रिचार्ज, झेरॉक्स, ग्लास बसवणं आणि जमेल ती दुरुस्ती. गावात फायबर आलं तेव्हापासून निम्मी दुखणी मोबाईलची नसतातच, घरातल्या डब्याची, म्हणजे राउटरची असतात. पण डबा भिंतीवर खिळ्याला टांगलेला. तो काढून कोण आणतो? माणूस खिशातला मोबाईल आणतो.

यंदा आलेल्या काकांचा फोन जुना, पाच-सहा वर्षं वापरलेला. दिवाळीपर्यंत घरचं वायफाय व्यवस्थित चालत होतं, भाऊबीजेनंतर बंद. तालुक्याच्या एका दुकानात नेला, तिथं ‘फॉरमॅट’ मारून दिला. पुतणीच्या लग्नाचे फोटो गेले, तीनशे रुपये गेले, वायफाय काही लागलं नाही. मग कोणी सांगितलं की वायफायची चिप गेली, नवा फोन घ्या. काका बारा हजारांच्या तयारीनं माझ्याकडे आले होते. मी त्यांचा फोन दुकानाच्या वायफायला जोडून पाहिला. दहा सेकंदांत लागला.

चिप गेली असती तर तो माझ्याही दुकानात लागला नसता. एवढी एक तपासणी तालुक्याच्या दुकानात झाली असती तर लग्नाचे फोटो वाचले असते.

दोष फोनचा की डब्याचा

म्हणून पहिली पायरी हीच. जो फोन घरी जोडला जात नाही तो शेजाऱ्याच्या वायफायला, नाहीतर दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पाहा. तिथं लागला तर फोन ठणठणीत आहे. मग उलटं करा: घरच्या वायफायला दुसरा कोणताही फोन लागतो का पाहा. एकही लागत नसेल तर डबा किंवा लाइन. बाकीचे लागतात आणि एकच अडतो, तर त्या फोनचं आणि डब्याच्या सेटिंगचं जमत नाही, असं समजा. हा लेख मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे, कारण त्यात लोक नाहक पैसे घालवतात.

डबा बंद करून चालू करणं तुम्ही केलंच असेल. नसेल तर स्विच बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा आणि दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर पुढचं काही करू नका. तार कुठंतरी तुटली किंवा दुमडली आहे, ते काम नेटवाल्याचं.

फोन काय म्हणतो ते वाचा

वायफायच्या यादीत तुमच्या वायफायच्या नावाखाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही, आणि निम्मं निदान तिथंच असतं.

‘पासवर्ड तपासा’ किंवा ‘प्रमाणीकरण समस्या’ असं आलं तर फोन आणि डब्याची ओळख पटली नाही. पासवर्ड हवेतून जसाच्या तसा जात नाही. दोघंही आपापल्याकडच्या पासवर्डवरून एक हिशेब करतात आणि उत्तर जुळतं का ते पाहतात. एक अक्षर चुकलं तरी उत्तर जुळत नाही. पण हिशेबाची रीतच वेगळी असेल, म्हणजे डबा नव्या रीतीनं विचारतो आणि फोनला ती रीतच येत नाही, तर पासवर्ड बरोबर असूनही ओळख पटत नाही. फोन मात्र तेच जुनं पासवर्डाचं रडगाणं गातो, किंवा नुसतं ‘सेव्ह केले’ दाखवून गप्प बसतो. काकांच्या फोनवर हेच होतं.

‘आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे’ यावर अडकला तर ओळख पटली, पण डब्यानं घरातला नंबर दिला नाही. ‘कनेक्ट केले, इंटरनेट नाही’ आलं तर सिक्युरिटी ठीक आहे आणि गडबड पुढं आहे. आणि फोन पासवर्डाबरोबर ‘आयडेंटिटी’, म्हणजे युजरनेमसुद्धा मागू लागला, तर कोणीतरी डब्यात ‘पर्सनल’च्या ऐवजी ‘एंटरप्राइझ’ निवडलंय. ती मोठ्या ऑफिसांची आणि कॉलेजांची पद्धत, घरी तिचं काम नाही.

डब्याला हात लावण्याआधी कीबोर्ड

हसू नका, पण आमच्याकडे सर्वांत जास्त केसेस या निघतात. फोनवर मराठी कीबोर्ड चालू असतो. पासवर्ड असतो नाव, अ‍ॅटचं चिन्ह आणि १२३. कीबोर्ड इंग्रजी केला तरी आकडे कधीकधी देवनागरीच उमटतात, आणि पासवर्डाच्या ठिकाणी अक्षरांऐवजी ठिपके दिसत असल्यामुळे कळत नाही. डब्याच्या लेखी देवनागरी एक आणि इंग्रजी एक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं, पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं. तिसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पासवर्ड कॉपी करून चिकटवला की शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते.

तेव्हा आधी त्या नेटवर्कवर बोट दाबून ‘विसरा’ करा. मग पुन्हा निवडा, डोळ्याच्या खुणेवर दाबून पासवर्ड दिसू द्या आणि एकेक अक्षर पाहून हातानं टाका. लागलं, तर पुढचं वाचायची गरज नाही, चहा प्या.

डब्याच्या आत शिरायचं कसं

आत शिरायला एक चालणारा फोन किंवा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडलेला हवा. लॅपटॉप आणि लॅनची तार असेल तर उत्तम, कारण वायफायचं सेटिंग बदलल्यावर वायफाय तुटतं, तार तुटत नाही. फोनवरून करत असाल तर मोबाईल डेटा बंद करा. डेटा चालू असला की फोन पान उघडायला बाहेरच्या वाटेनं जातो आणि घरातल्या डब्यापर्यंत पोचतच नाही. ‘पान उघडतच नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

आता ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत डब्याचा पत्ता टाका. बहुतेक डब्यांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्यांचा १९२.१६८.२९.१. मी इथं मराठीत लिहिलंय, तुम्ही आकडे इंग्रजीतच टाका. यांपैकी काहीच उघडलं नाही तर जोडलेल्या फोनवर वायफायच्या तपशिलात ‘गेटवे’ असं लिहिलेलं असतं, तोच पत्ता. अ‍ॅडमिनचं नाव आणि पासवर्ड डब्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर असतो. त्या स्टिकरवर दोन पासवर्ड छापलेले असू शकतात: एक वायफायला जोडण्याचा, दुसरा सेटिंगमध्ये शिरण्याचा. लोक पहिला टाकत बसतात आणि तीन-चार चुकांनंतर डबा थोडा वेळ दारच लावून घेतो.

आत गेलात की पहिलं काम फोटो काढणं. जे पान उघडाल त्याचा, काही बदलण्याआधी, दुसऱ्या फोननं फोटो घ्या. बिघडलं तर परत जागेवर आणता येतं.

ती पिन टोचू नका

इथं थोडं थांबून सांगतो, कारण यात मी स्वतः पोळलोय.

डब्याच्या मागं बारीक भोक असतं, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की सगळं कोरं होतं. यूट्यूबवर प्रत्येक दुसरा माणूस हाच उपाय सांगतो. शहरात ठीक असेल. फायबरच्या डब्यात मात्र वायफायच्या पासवर्डाबरोबर कंपनीकडं लाइन जोडण्याचं युजरनेम, पासवर्ड आणि आणखी काही नंबर भरलेले असू शकतात. काही कंपन्यांच्या डब्यांत ते पुन्हा आपोआप येतात, पुष्कळांत येत नाहीत. पहिल्या वर्षी एका मास्तरांच्या घरी मी आत्मविश्वासानं टाचणी टोचली. वायफाय छान लागलं, नेट गेलं. नेटवाला पोरगा पलीकडच्या तालुक्यात, त्यात त्याची गाडी पंक्चर. चार दिवस मास्तरांचा ऑनलाइन कारभार माझ्या दुकानातून चालला, आणि चहा माझ्याच खर्चानं.

सेटिंगमध्ये ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ नावाचं पान दिसलं तर त्याचा फोटो घ्या आणि बाहेर या. आपलं काम ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ नावाच्या पानावर आहे.

सिक्युरिटी मोड

वायरलेसच्या आत ‘सिक्युरिटी’, ‘सिक्युरिटी मोड’ किंवा ‘ऑथेंटिकेशन टाइप’ असं काहीतरी असेल. त्यावर दाबलं की एक यादी खाली पडते: वेप, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-२, डब्ल्यूपीए-३ आणि त्यांच्या खिचड्या. यातलं काय निवडायचं हे कळायला त्यांच्या पिढ्या माहीत हव्यात.

वेप सगळ्यांत म्हातारं, १९९७ सालचं. २००१ मध्येच त्याचं गणित फुटलं, आणि आज ते लॅपटॉपवर काही मिनिटांत उघडता येतं. नवे फोन त्याला जोडायला कुरकुर करतात, काही साफ नाही म्हणतात. २००३ ला डब्ल्यूपीए आलं ते तात्पुरती सोय म्हणून. जुने डबे फेकायला लागू नयेत, म्हणून जुन्याच दाराला नवी कडी बसवली, तिचं नाव टीकिप. २००४ ला डब्ल्यूपीए-२ आलं, त्यात एईएस नावाचं पक्कं कुलूप. २०१७ मध्ये त्यातही एक फट सापडली होती, पण अपडेट देऊन ती बुजवली गेली. २०१८ ला डब्ल्यूपीए-३ आलं. तुमचा पासवर्ड अगदी साधा असला तरी बाहेर बसून लाखो अंदाज मारून तो शोधता येऊ नये, हा त्याचा मोठा फायदा.

अँड्रॉइडमध्ये डब्ल्यूपीए-३ आलं १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, तेही फोनच्या आतल्या चिपला जमत असेल तरच. काकांचा फोन अँड्रॉइड ९ चा. त्यांचा भाचा पुण्याहून दिवाळीला आला होता, त्यानं मामाच्या घरची ‘सिक्युरिटी वाढवली’ आणि यादीतलं सगळ्यांत शेवटचं, फक्त डब्ल्यूपीए-३, निवडून गेला. त्याचा फोन लागला, मामीचा नवा फोन लागला, टीव्ही आणि मामा लटकले. टीव्ही बंद पडला तेव्हा घरात कोणाला वाटलं केबल गेली, कोणाला वाटलं रिचार्ज संपला. दोन्ही दुखणी एकच आहेत हे लक्षात आलं नाही.

तुमच्या डब्यात आता काय आहे त्यावरून असं करा.

फक्त डब्ल्यूपीए-३ असेल आणि घरात एकही जुना फोन, टीव्ही किंवा कॅमेरा अडत असेल, तर ‘डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३’ अशी मिश्र निवड करा. वेप किंवा टीकिप असेल, किंवा ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए-२’ आणि खाली ‘टीकिप+एईएस’ असं असेल, तर ‘डब्ल्यूपीए-२-पीएसके’ आणि ‘एईएस’ एवढंच ठेवा. काही डबे यालाच ‘डब्ल्यूपीए-२ पर्सनल’ म्हणतात. टीकिपमुळे आणखी एक नुकसान होतं ते लोकांना ठाऊक नसतं: डबा चांगला असला तरी टीकिपवर वेग जुन्या ५४ एमबीपीएसच्या मर्यादेत अडकतो. शंभरचा प्लॅन घेऊन ‘स्पीड येत नाही’ म्हणणाऱ्या एका घरी कारण नेमकं हेच निघालं. आणि आयफोनवाल्यांना वायफायच्या नावाखाली ‘दुर्बल सुरक्षा’ असा इशारा दिसतो, तोही यामुळेच.

त्याच पानावर ‘पीएमएफ’ किंवा ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ नावाची ओळ असू शकते. तीत तीन पर्याय असतात: बंद, ऐच्छिक, आवश्यक. बाहेरच्या कोणी खोटे निरोप पाठवून तुमचा फोन वायफायवरून ढकलून देऊ नये, यासाठी ती सोय आहे. ‘आवश्यक’ ठेवलं तर जुने फोन आणि स्वस्तातले वायफायचे बल्ब दारातच अडतात. ‘ऐच्छिक’ ठेवा.

मिश्र निवड केली की बहुतेक घरी काम होतं. काकांच्या घरी झालं नाही. डबा दोन्ही रीती एकदम पुकारायला लागला की काही जुने फोन गोंधळतात, त्यांचा तसाच निघाला. मग दुसरी वाट धरली. हल्लीचे डबे दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि दोन्हींची सिक्युरिटी वेगळी ठेवता येते. २.४ वर फक्त डब्ल्यूपीए-२ एईएस ठेवलं, ५ वर मिश्र राहू दिलं, आणि दोन्हींना वेगळी नावं दिली. काकांचा फोन आणि टीव्ही २.४ वर, बाकीचे ५ वर. ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टिअरिंग’ चालू असेल तर ते आधी बंद करावं लागतं, नाहीतर डबा दोन नावं ठेवू देत नाही.

‘सेव्ह’ किंवा ‘अप्लाय’ दाबलं की वायफाय जातं. घाबरू नका, मिनिट-दोन मिनिटांत येतं. नाव आणि पासवर्ड तेच ठेवले असतील तर बरीचशी उपकरणं आपोआप परत जोडली जातात. ज्या फोननं ते नेटवर्क डब्ल्यूपीए-३ म्हणून लक्षात ठेवलंय तो अडू शकतो. त्यावर ‘विसरा’ करून पुन्हा जोडा.

एकावेळी एकच गोष्ट बदला, सेव्ह करा, फोन लावून पाहा, मग पुढची. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि लागलं, तर कशानं लागलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

जाता जाता एक. ‘सिक्युरिटी काढूनच टाका, ओपन ठेवा’ हा सल्ला आमच्याकडे सर्रास दिला जातो, आणि सगळे फोन लागतात म्हणून तो खरा वाटतो. काढू नका. तुमच्या लाइनवरून कोणी काही भानगड केली तर पोलीस कनेक्शन ज्याच्या नावावर त्याच्या दारी येतात.

पासवर्ड बदलायचाच असेल तर

डब्ल्यूपीए-२ चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा लागतो. गावात निम्म्या घरांचा पासवर्ड घरमालकाचा मोबाईल नंबर असतो, आणि तो नंबर किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीपासून सगळीकडं लिहिलेला. मी लोकांना दोन-तीन साधे मराठी शब्द इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये आकडा, असं करायला सांगतो. आजीबाईचं नाव, बैलाचं नाव आणि विहीर खणली ते साल. लांब होतो, लक्षात राहतो आणि कीबोर्डवर मोठ्या-लहान अक्षरांचा घोळ होत नाही. फार विचित्र चिन्हं टाकू नका, जुन्या टीव्हीच्या रिमोटवरून ती टाकताना जीव जातो.

त्याच पानावर ‘डब्ल्यूपीएस’ दिसलं तर बंद करा. बटण दाबून पासवर्डाशिवाय जोडायची ती सोय. तिच्या आठ आकडी पिनची परीक्षा दोन तुकड्यांत होते, त्यामुळं जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते, हे २०११ मध्येच उघड झालंय. अँड्रॉइडनंही ९ व्या आवृत्तीपासून ही सोय काढून टाकली, त्यामुळं नव्या फोनवर तिचा उपयोगही नाही.

कधी लागतं, कधी नाही

हा प्रकार वेगळा आणि जास्त डोकेखाऊ. कारण बहुधा ‘मॅक फिल्टर’ असतं. प्रत्येक फोनचा एक कायमचा पत्ता असतो, त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. डब्यात यादी करून ‘एवढेच फोन आत घ्या’ असं सांगता येतं. पूर्वी हे चालायचं. पण अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन खरा पत्ता न सांगता बनावट पत्ता सांगतो. तुमच्यावर पाळत ठेवता येऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे. नेटवर्क ‘विसरा’ केलं, फोन फॉरमॅट केला की तो पत्ता बदलूही शकतो, आणि मग यादीतलाच फोन डब्याला परका वाटतो. तालुक्याच्या दुकानात फॉरमॅट मारून घेतला की दुखणं बरं होण्याऐवजी वाढतं ते असं.

मॅक फिल्टर बंद करा. त्यानं सुरक्षा फारशी वाढत नाही, डोकेदुखी वाढते. ठेवायचाच असेल तर फोनमध्ये त्या वायफायच्या तपशिलात ‘गोपनीयता’ उघडून ‘डिव्हाइसचा मॅक वापरा’ निवडा आणि तो पत्ता यादीत घाला.

दुसरं कारण वेळापत्रक. मुलांचा अभ्यास बुडू नये म्हणून बापानं रात्री दहा ते सकाळी सहा वायफाय बंद ठेवलेलं असतं. डब्याला घड्याळाचा सेल नसतो. लाइन, म्हणजे वीज, गेली आणि आली की तो वेळ नेटवरून विचारून घेतो, पण नेट यायला उशीर झाला तर पार १९७० च्या १ जानेवारीपासून मोजायला लागतो. एका घरी भर दुपारी वायफाय बंद व्हायचं, तेही लाइन जाऊन आली की. डब्याच्या हिशेबानं तेव्हा मध्यरात्र असायची! ‘सिस्टिम’ किंवा ‘टाइम’ पानावर वेळ पाहा, आणि टाइम झोन भारताचा, म्हणजे साडेपाच तास पुढचा आहे ना, ते तपासा.

‘आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे’ यावर अडकणाऱ्यांसाठी दोन जागा: ‘डीएचसीपी’, म्हणजे फोनला घरातला नंबर आपोआप देणारी सोय, चालू आहे का, आणि वायरलेस पानावर जास्तीत जास्त किती उपकरणं घ्यायची तो आकडा. लग्नाच्या घरी पाहुण्यांचे वीस फोन लागले की एकविसावा घरमालकाचा असतो.

नावच दिसत नसेल तर

बाकीच्यांना दिसतं आणि एकालाच दिसत नाही, तर बहुधा त्या फोनला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही. २.४ चालू करा. येत असूनही दिसत नसेल तर चॅनेल पाहा. ५ वर ३६ ते ४८ मधला एखादा चॅनेल निवडा. ५२ ते १४४ हे चॅनेल हवामान आणि इतर रडारशी वाटून घेतलेले असल्यामुळं तिथं डबा आधी रडार आहे का ते ऐकतो आणि मगच बोलतो, आणि काही स्वस्त फोन, टीव्ही तिथं पाहतच नाहीत. २.४ वर १, ६ किंवा ११ ठेवा. ‘ऑटो’वर ठेवलं आणि डबा १२ किंवा १३ वर गेला तर अमेरिकेतून आणलेल्या फोनला तो दिसेलच असं नाही. अमेरिकेहून भावानं पाठवलेला फोन असेल तर हे आधी पाहा. ‘हाइड’ किंवा ‘लपवा’ चालू असेल तर काढून टाका. लपवलेलं नाव शोधणं अवघड नसतं, त्रास घरच्यांनाच होतो.

आणि भिंती. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांना दीड-दोन हात जाड मातीच्या भिंती आहेत, उन्हाळ्यात आत गारवा राहतो तो त्यांच्यामुळं. ५ गिगाहर्ट्झ त्यातून जवळजवळ जातच नाही. २.४ थोडंफार जातं. वर टिनाचं छत असेल तर मे महिन्यात ४५ अंशांत त्याच्याखाली डबा टांगू नका, तापून दर तासाला स्वतःच बंद पडेल आणि तुम्ही सिक्युरिटी तपासत बसाल.

जोडलं, पण नेट नाही

फोनच्या सेटिंगमध्ये ‘खाजगी डीएनएस’ शोधा आणि ‘स्वयंचलित’ करा. जाहिराती बंद करायला कोणीतरी तिथं काहीतरी टाकून ठेवलेलं असतं. फोनची तारीख-वेळ बरोबर आहे का पाहा. बॅटरी पार मेल्यावर चालू केलेल्या फोनची तारीख मागं गेली की बँकेचं आणि सरकारी अ‍ॅप ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. ई-पीक पाहणीच्या दिवसांत असे फोन रांगेनं येतात. एवढ्यानं झालं नाही आणि घरातल्या सगळ्याच फोनांवर तेच असेल तर नेटवाल्याला फोन करा.

डब्याचं सॉफ्टवेअर अपडेट दिसत असेल तर करून घ्या, पण लाइन जायच्या वेळेला नको. अपडेटच्या मध्येच लाइन गेली तर डबा कायमचा गप्प होऊ शकतो. इन्व्हर्टरवर लावून करा.

काकांकडे सगळं लागल्यावर मी वहीचं एक पान फाडून त्यावर लिहून दिलं: डब्याचा पत्ता, अ‍ॅडमिनचं नाव, अ‍ॅडमिनचा नवा पासवर्ड, दोन्ही वायफायची नावं आणि पासवर्ड, कोणत्या पट्टीवर कोणती सिक्युरिटी, आणि बदलल्याची तारीख. काकूंनी ते कॅलेंडरच्या मागं खिळ्याला लावलं. टीव्हीवर तेवढ्यात सिरियल सुरू झाली होती.

काका मात्र त्या पानाकडं पाहत उभे. म्हणाले, “अन् पुढच्या दिवाळीले भाचा आला का मंग?”

त्याचीही सोय केली. डब्यात ‘गेस्ट नेटवर्क’ म्हणून एक पान असतं. तिथं ‘पाहुणे’ नावानं वेगळं वायफाय चालू केलं, त्याला वेगळा पासवर्ड. त्यावरून नेट मिळतं, घरातल्या टीव्हीला किंवा डब्याच्या सेटिंगला हात पोचत नाही. भाच्याला द्यायचा पासवर्ड तेवढाच, आणि कॅलेंडर दिवाळीपुरतं दुसऱ्या खोलीत टांगायचं.